उन्मळून पडलेल्या फणसापासून चिपळ्या आणि एकतारी

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्या दिवशी आमच्या परसातला फणस मुळांसकट आडवा झाला. नारळी-पोफळींच्या बागाच्या बागा भुईसपाट झालेल्या असताना एका फणसाचे दुःख करणे कोणाला परवडणारे नव्हते. गावात जो तो पडलेली झाडे कापून वाटा मोकळ्या करण्यात गुंतला होता आणि चांगले, पिवळेधमक लाकूड सरपणाच्या भावाने जात होते. आम्ही खोडाचा एक भाग आणि दोन फांद्या बाजूला ठेवल्या. पुढच्या दोन वर्षांत त्यातून चिपळ्यांचे तीन जोड आणि दोन एकताऱ्या तयार झाल्या. या कामात जे समजले ते येथे क्रमाने लिहीत आहे. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: वाद्याचे बरेवाईट पटाशी हातात घेतल्यावर ठरत नाही, ते झाड पडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ठरते.

फणसाला हलके समजण्याची आपल्याकडे सवय आहे, पण वाद्यांच्या बाबतीत त्याचा मान मोठा आहे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडात कोरतात आणि तिथला अख्ख्या एका ओंडक्यातून कोरलेला प्रकार विशेष मानला जातो. मृदंगाचे खोडही बहुधा फणसाचेच असते. आपल्या मिरजेत सतार आणि तानपुऱ्यासाठी तूनाचे लाकूड आणि मंगळवेढा-पंढरपूर भागातले भोपळे वापरण्याची रीत आहे. 2024 साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या अंगणात आंबा, शिवण किंवा शिसव पडलेला असेल तरी पुढील बहुतेक सूचना तशाच लागू पडतात. फरक पडतो तो लाकडाच्या कठीणपणात आणि वाळण्याच्या वेगात.

पहिला आठवडा

झाड आपल्या जागेत पडले म्हणून ते लगेच कापून नेता येते, असे समजू नये. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 याच्या अनुसूचीत फणस आणि आंबा ही दोन्ही झाडे आहेत, आणि शहरी हद्दीतल्या झाडांना 1975 चा वेगळा कायदा लागू होतो. त्यामुळे पडलेल्या झाडाचे तारीख दिसेल असे छायाचित्र काढावे, तलाठी आणि वनखाते, किंवा शहरात पालिकेचा उद्यान विभाग यांना कळवावे, आणि ओंडका गाडीत घालून सॉ मिलला न्यायचा असेल तर वाहतुकीचा परवाना लागतो का हे आधी विचारून घ्यावे. रस्त्यावर पडलेले झाड आपले नसते, हेही लक्षात असू द्यावे.

मुळांसकट पडलेले झाड कापणे हे उभे झाड तोडण्यापेक्षा धोक्याचे काम आहे. खोडाच्या वजनामुळे मुळांचा गड्डा मातीसह वर उचललेला असतो. खोड कापून वेगळे होताच तो गड्डा झटक्याने मागे बसू शकतो, म्हणून त्याच्या मागे किंवा त्याच्या खड्ड्यात कोणीही, विशेषतः लहान मुलांनी, थांबता कामा नये. दाबाखाली वाकलेल्या फांद्याही कापताना उसळतात. हे काम सरावाच्या माणसाकडूनच करून घ्यावे. घराजवळच्या झाडात खिळे असतात, हेही त्याला आधी सांगावे. आमच्या फणसाला कधी काळी कपड्यांच्या दोरीसाठी मारलेला खिळा सालीखाली पूर्ण बुजून गेला होता आणि त्यावर करवतीचे दाते गेले.

ओंडका कापल्यापासून त्याची टोके वाळू लागतात. पाणी लाकडाच्या रेषांच्या दिशेने झपाट्याने बाहेर पडते, त्यामुळे टोके आधी आकसतात, मधला भाग ओलाच राहतो आणि या ओढाताणीत टोकांना चांदणीसारख्या भेगा पडतात. पहिल्याच दिवशी दोन्ही टोकांना वितळलेले मेण किंवा ऑइल पेंटचे दोन जाड हात द्यावेत. काहीच हाताशी नसेल तर शेणाचा जाड लेप द्यावा. जुने लोक तो देत असत आणि त्याचा उपयोग होतो. हव्या त्या मापापेक्षा प्रत्येक टोकाला किमान 10 सेंमी जास्त ठेवावे, कारण एवढे करूनही टोकाचा थोडा भाग वाया जातोच. पुढे लगेच पाऊस लागतो, म्हणून ओंडका जमिनीवर एक रात्रही ठेवू नये. जांभ्याचे चार चिरे मांडून त्यावर तो उचलून ठेवला की वाळवी आणि बुरशी दोन्ही लांब राहतात.

आता ओंडक्याच्या टोकाकडे नीट पाहावे. मधोमध खोडाचा मऊ बिंदू असतो, त्याभोवती गर्द पिवळा गाभा आणि सालीलगत फिकट पांढरट थर असतो. वाद्यासाठी फक्त पिवळा गाभा घ्यावा. पांढऱ्या थरात पिष्ट असते आणि भुंग्याची अळी त्यासाठीच लाकडात शिरते. वर्षभराने तयार वाद्यातून पिठासारखा भुगा गळू लागला तर त्याचे मूळ या थरात असते. अगदी मधला बिंदूही तुकड्यात राहू देऊ नये. लाकूड आकसते ते वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जास्त आणि केंद्राकडून सालीकडे कमी, साधारण दुपटीचा फरक असतो. त्यामुळे ज्या तुकड्यात मधला बिंदू अडकला आहे, तो आज ना उद्या फाटतोच.

वादळात पडलेल्या झाडांत आणखी एक दोष दडलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. वारा झाडाला वाकवतो तेव्हा ज्या बाजूला झाड झुकते, त्या बाजूचे तंतू चेंगरतात आणि लाकडात आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या राहतात. फळी रंधून गुळगुळीत केल्यावर तिरप्या उजेडात त्या दिसतात. अशी फळी एकतारीच्या दांडीला कधीही वापरू नये. तार ताणल्यावर ती त्याच रेषेवर मोडते. फांद्यांचे लाकूडही दांडीला नको. आडव्या वाढलेल्या फांदीच्या वरच्या अंगाचे लाकूड जन्मभर ताणाखाली असते, वाळताना ते वाकडे होते आणि रंध्याखाली सुतासारखे उसवते. चिपळ्यांसाठी मात्र सरळ, जाड फांदीचा गाभा चालतो.

वाळवणे

आमचा ओंडका सालीसकट सुमारे 45 सेंमी व्यासाचा होता. त्याचे कसे तुकडे केले ते सांगितले की हिशेब स्पष्ट होईल. एक भाग मधोमध उभा चिरला आणि एका अर्ध्यातून, मधल्या बिंदूपासून 3 सेंमी सोडून, 24 सेंमी लांब, 22 सेंमी रुंद आणि 11 सेंमी जाड असा ठोकळा घेतला. हा एकतारीचा भोपळा, म्हणजे आवाज घुमवणारे पोकळ अंग. त्याचे तोंड ओंडक्याच्या केंद्राकडे आणि गोल पाठ सालीकडे येते. दुसऱ्या भागातून 70 सेंमी लांबीची आणि 4 सेंमी जाडीची फळी अशी कापून घेतली की टोकाला पाहिले असता वर्तुळांच्या रेषा फळीच्या रुंद पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या दिसाव्यात. सॉ मिलवर हे तोंडाने सांगून भागत नाही. ओंडक्याच्या टोकावर खडूने रेघा आखून द्याव्यात आणि चिरताना स्वतः उभे राहावे. आम्ही पहिल्या खेपेस उभे राहिलो नाही, आणि दांडीसाठी ठेवलेल्या उत्तम भागाच्या आडव्या फळ्या निघून आल्या. त्या पुढे शेल्फला लागल्या.

भोपळ्याचा ठोकळा अखंड वाळवायचा म्हटले तर तो कित्येक वर्षे घेईल आणि तरीही फुटेल. म्हणून तो ओला असतानाच आतून कोरून घ्यावा आणि भिंत 2.5 ते 3 सेंमी जाड ठेवावी; दांडी शिरेल त्या टोकाला मात्र 6 सेंमीहून थोडी जास्त. ओला फणस पटाशीखाली काकडीसारखा कापला जातो, ही यातली मोठी सोय आहे. हाताला लागणारा चीक खोबरेल तेलाने निघतो. कोरलेला भोपळा वाळताना थोडा लांबट होतो. भिंतीची जादा जाडी त्यासाठीच ठेवलेली असते; पुढे ती तासताना आकार पुन्हा सरळ करता येतो. बोरिक ॲसिड एक भाग आणि बोरॅक्स दीड भाग पाण्यात विरघळवून त्याचा हात आतून-बाहेरून दिल्यास किडीचा धोका कमी होतो.

फळ्या आणि भोपळा सावलीत, वारा खेळेल अशा पडवीत ठेवावेत. प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा घालाव्यात आणि वर चिऱ्यांचे वजन ठेवावे. चुलीवरच्या माळ्यावर किंवा पत्र्याखाली टाकून घाईने वाळवलेले लाकूड वरून कोरडे दिसते आणि आतून तडकलेले असते.

लाकूड वाळले की नाही हे हाताने कळत नाही, वजनाने कळते. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहावे, दर महिन्याला त्याच काट्यावर पुन्हा तोलावे, आणि लागोपाठ तीन महिने वजन घटले नाही की तुकडा हवेशी जुळला असे समजावे. नेमका आकडा हवा असेल तर त्याच ओंडक्याच्या मधल्या भागातला छोटा तुकडा तोलून ओव्हनमध्ये 103 अंशांच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा. समजा 100 ग्रॅमचा तुकडा 64 ग्रॅमवर थांबला, तर 36 ग्रॅम पाणी गेले. 36 ला 64 ने भागल्यास ओलावा 56 टक्के निघतो. कोकणातल्या पावसाळी हवेत लाकडातला ओलावा जितका राहतो, त्याच्या निम्म्यावर तो देशावरच्या चैत्र-वैशाखात येऊ शकतो. येथे केलेले वाद्य पुण्याला किंवा नागपूरला जाणार असेल तर शेवटचे दोन-तीन महिने लाकूड घरात, कोरड्या दिवसांत ठेवावे, आणि सांधे जोडण्याचे काम माघ ते वैशाख याच काळात करावे. आमची दांडीची फळी फेब्रुवारी 2022 मध्ये हातात घेण्याजोगी झाली. भोपळा त्याच्या कितीतरी आधी तयार होता.

चिपळ्या

हात बसावा म्हणून चिपळ्यांपासून सुरुवात करावी. जोडातले दोन्ही तुकडे एकाच लांब पट्टीतून, एकापुढे एक असे घ्यावेत, म्हणजे दोघांचे वजन आणि आवाज जुळतो. प्रत्येक तुकडा 16 सेंमी लांब, 4.5 सेंमी रुंद आणि 2.5 सेंमी जाड असावा. एक पृष्ठभाग रंध्याने अगदी सपाट करावा आणि पाठ कानशीने गोलसर करावी. सपाट बाजू मात्र पूर्ण सपाट ठेवू नये. दोन्ही चिपळ्या एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरल्या असता मध्ये केसभर फट दिसावी आणि टोके टेकलेली असावीत. पूर्ण सपाट चिपळ्या मध्ये कोंडलेल्या हवेमुळे थप्प असा मंद आवाज देतात, तर अशी फट ठेवलेल्या चिपळ्या टोकांवर आपटून खणखणतात.

दोन्ही टोकांजवळ 6 मिमी रुंदीच्या आरपार खाचा पटाशीने कोराव्यात, प्रत्येक खाचेत पितळेच्या दोन पातळ चकत्या ठेवून त्यांच्या भोकांतून पितळी खिळा घालावा. खिळ्यासाठी आधी गिरमिटाने भोक पाडून घ्यावे. थेट ठोकल्यास कडेचे लाकूड चिरते. चकतीचे भोक खिळ्याहून दीडपट तरी मोठे असावे, नाहीतर ती वाजण्याऐवजी अडकते. अंगठ्याच्या चिपळीला पितळेची कडी आणि बोटांच्या चिपळीला रुंद कडी बसवताना ज्याच्या हातात त्या जाणार आहेत, त्याची बोटे प्रत्यक्ष मोजावीत. कीर्तनात तास-दोन तास हातात राहणारी ही वस्तू आहे. सैल कडी बोट सोलते आणि घट्ट कडी हाताला मुंग्या आणते.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा द्यावा. खोबरेल तेल लाकडावर कधीच वाळत नाही, त्याला धूळ चिकटते आणि वास येतो. जवसाचे तेल वाळते, पण वाळताना तापतेही. तेल पुसलेली फडकी बोळा करून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून टाकावीत.

एकतारी

दांडीची फळी निवडताना एक कसोटी लावावी. 70 सेंमीची फळी एका टोकापासून सुमारे 15.7 सेंमीवर, म्हणजे लांबीच्या 22.4 टक्क्यांवर, दोन बोटांच्या चिमटीत लोंबती धरावी आणि मध्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारावी. फळी थरथरते तेव्हा ही जागा स्थिर असते, म्हणून तिथे धरल्याने आवाज दबत नाही. चांगली फळी घंटेसारखा, क्षणभर रेंगाळणारा स्वर देते. ओली, आतून तडकलेली किंवा चेंगरलेली फळी ठक् करून थांबते. एकाच ओंडक्याच्या तीन फळ्या शेजारी शेजारी वाजवून पाहिल्या की यात काय ऐकायचे ते पाच मिनिटांत कळते. लिहून ते तितकेसे सांगता येत नाही.

दांडी तासून 64 सेंमी लांब, 3.5 सेंमी रुंद आणि 2.5 सेंमी जाड करावी. त्यातले 6 सेंमी कुसवासाठी, म्हणजे भोपळ्याच्या खाचेत शिरणाऱ्या टोकासाठी, बाकी 58 सेंमी भोपळ्याबाहेर. वाळलेल्या भोपळ्याची भिंत आतून पटाशीने आणि वाकड्या तोंडाच्या कोरणीने 8 मिमीपर्यंत आणावी, मात्र दांडी शिरते तिथे 6 सेंमी आणि तिच्या समोरच्या बाजूला, जिथे तारेचे टोक बांधले जाईल, तिथे 2 सेंमी जाडी राखावी. जाडी मोजण्याचा सोपा उपाय असा की भोपळा उजेडाकडे ठेवून बाहेरून बोटाने टिचक्या माराव्यात. जिथे आवाज जड येतो, तिथे अजून लाकूड काढायचे आहे. बारीक भुसा नाकातोंडात जाऊ नये म्हणून या कामात मास्क लावावा.

कुसू आणि खाच यांचा सांधा सरसाशिवायच घट्ट बसला पाहिजे. दांडी हाताने दाबून आत जावी आणि भोपळा उचलला असता गळून पडू नये, इतका. सरस की फेव्हिकॉल, असे विचाराल तर मी सरस घेईन, कारण पुढे दुरुस्तीला सांधा उघडावा लागला तर तो ऊब आणि ओलाव्याने सुटतो. मात्र दमट किनाऱ्यावर वाद्य कायम राहणार असेल तर फेव्हिकॉलला दोष देता येत नाही. दांडी मागे किंचित कललेली हवी. ती पुढे कलली तर तार ताणल्यावर घोडीवर, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवर, तारेचा दाब पडत नाही.

तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरचे पातळ लाकडी झाकण, हीच एकतारीचा आवाज. तिला एक सूत, म्हणजे सुमारे 3 मिमी जाडीची, उभ्या रेषांची फणसाची पातळ फळी घ्यावी आणि रेषा दांडीच्या दिशेने ठेवाव्यात. भोपळ्याची कड पट्टी लावून मधोमध किंचित उंच तासावी, म्हणजे तबलीला थोडा फुगवटा येतो आणि पावसाळ्यात ती फुगली तरी तिला सरकायला वाव राहतो. ती चिकटवण्याआधी भोपळ्याच्या आत झाडाचे नाव, गाव आणि झाड पडल्याची तारीख शाईने लिहावी. तबली चिकटवून वर वाळूची पिशवी ठेवली की दाब सर्वत्र सारखा बसतो.

खुंटी शिसवाची करावी, तिच्या रेषा तिच्या लांबीच्या दिशेने असाव्यात, आणि भोक व खुंटी दोन्ही सारख्याच उतरत्या मापाची असावीत. खुंटी सरकत असेल तर तिला खडू लावावा आणि अडकत असेल तर कोरडा साबण. अटी, म्हणजे खुंटीकडची तार टेकण्याची पट्टी, भोपळ्याच्या कडेपासून 50 सेंमीवर आणि घोडी तबलीवर त्याच कडेपासून 15 सेंमीवर बसवली की वाजणारी तार 65 सेंमीची होते. 0.30 मिमीची पोलादी तार पेटीच्या खालच्या काळी एकला, म्हणजे 138.6 हर्ट्झला लावली तर दांडीवर सुमारे 1.8 किलोचा ताण येतो, आणि पांढरी चारला, 174.6 हर्ट्झला, जवळजवळ 2.9 किलो. या मापाची दांडी दोन्ही सहज पेलते. भजनी मंडळ ज्या पट्टीत गाते, ती आधी विचारून तार निवडावी.

घोडीचा माथा सपाट ठेवू नये; तारेच्या दिशेने तो अगदी हलका उतरता, कासवाच्या पाठीसारखा घासावा. तार त्या उतारावर निसटती टेकते आणि तिथून जवारी, म्हणजे स्वराची गुंजणारी झणकार, निघते. पॉलिश पेपरचे दोन हात मारावेत, तार चढवावी, ऐकावे, पुन्हा उतरवावी. माझा एक अख्खा रविवार यात गेला आणि तो योग्य गेला. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून जिथे स्वर उघडतो तिथे तो थांबवावा.

चपडा लाख स्पिरिटमध्ये, लिटरला 100 ते 150 ग्रॅम या प्रमाणात, रात्रभर विरघळवून तिचे पातळ हात द्यावेत. तबलीवर दोनच, कारण जाड पॉलिश तिला जड करते. पहिला महिनाभर तार रोज उतरेल. लाकूड ताणाला सरावते, तेव्हा रोज लावत राहावे आणि रात्री एक पट्टी उतरवून ठेवावी. फणसाचा पिवळा रंग उजेडाने हळूहळू तपकिरी होत जातो, ते थांबवण्याचा खटाटोप करू नये.

भोपळा कोरताना निघालेले पिवळे ढलपे मात्र टाकू नयेत. ते पाण्यात रात्रभर भिजवून तासभर उकळावेत, पाणी गाळून घ्यावे, आणि तुरटीच्या पाण्यातून काढलेले जाडे सुती कापड त्यात मंद आचेवर ठेवावे. हळदीपेक्षा शांत असा पिवळा रंग चढतो. त्या कापडाची एकतारीला गवसणी शिवावी.